जावयाचा नाका

माझ्या लग्नाच्या वरातीची जकात माझ्या नवऱ्यानेच घेतली. हे सांगितलं की आजकालच्या सुना हसतात, आणि हसून झाल्यावर विचारतात, जकात म्हणजे काय? म्हणून ते आधी सांगते. गावात बाहेरून माल आला की नगरपालिका वेशीवरच त्याचे पैसे घ्यायची, ती जकात. प्रत्येक रस्त्यावर गावाच्या तोंडाशी एक खोली, खोलीपुढे आडवा बांबू, आणि खोलीत एक नाकेदार. तुपाचा डबा, कापडाचा गठ्ठा, गुळाची भेली, नवी भांडी, काहीही घेऊन या, बांबू खाली आलाच. आमचे हे त्या नाकेदारांपैकी एक होते.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. वाशिम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, कागदावर आम्ही अकोल्याचे. माझं माहेर रिठद. सासर जवळच्याच एका नगरपालिकेच्या गावी. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून आमची माणसं राहतात आणि त्यांच्या नाकावर राग असतो.

तर वरात. रिठदहून निघालेल्या आमच्या गाड्या दिवस कलताना नाक्यावर आल्या. वाजंत्रीवाल्यांनी आता गाव आलं म्हणून जोर धरला होता. तेवढ्यात नवरदेव गाडीतून उतरले, मुंडावळ्या कानामागे सारल्या, खोलीत गेले आणि पावतीपुस्तक घेऊन बाहेर आले. मागच्या गाडीत माझ्या आंदणाची भांडी होती. घागरी, पराती, डबे, सगळी नवी कोरी.

वापरलेल्या घरगुती सामानाला जकात नसे. त्यामुळे आमच्या भागात एक रीतच पडली होती. लग्नाची नवी भांडी गावात न्यायची असली की नाक्याच्या अलीकडे गाडी थांबवायची, तीन दगड मांडायचे, नव्या पातेल्यात पिठलं शिजवायचं आणि बुडाला चांगली काजळी धरली की तेच पातेलं नाकेदाराच्या नाकापुढे धरायचं. नाक्याबाहेरच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अशा चुलींचे काळे दगड कायमचे पडलेले होते. यांची मावशी पदरात बेसन बांधूनच आली होती.

ती म्हणाली, "थांब रे बाप्पा, दोन भांडी काळी करून घेतो."

हे म्हणाले, "मावशी, मी सकाळी मांडवात पायली ही भांडी. नवी हायेत."

"अरे, तू आज नवरदेव हायेस."

"नवरदेव हाये म्हणूनच पायली."

मग यांनी आहेराच्या पैशातून स्वतःच जकात भरली, स्वतःच्या नावाने पावती फाडली आणि देणारा म्हणून एक, घेणारा म्हणून एक, अशा दोन सह्या केल्या. वाजंत्रीवाले पिपाणी तोंडाला लावून नुसते बघत राहिले. मी डोक्यावरचा पदर सावरत गाडीत बसले होते. माझं लग्न माणसाशी लागलं की पावतीपुस्तकाशी, हे मला काही कळेना.

नगरपालिकेची तिजोरी कशी भरते हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं, कारण दुसरं काही बोलणं यांना येतच नव्हतं. जेवताना घास हातात धरून सांगायचे. घरपट्टी घ्या. वसुलीचा माणूस गेला की घरमालक घरात नसायचा, आणि असलाच तर म्हणायचा, हे घर माझं नाही. सायकलीला वर्षाचा बिल्ला लागायचा. आमच्या गल्लीत सायकली पुष्कळ आणि बिल्ला एक. ज्याला बाजारात जायचं तो बिल्ला मागून न्यायचा, पाहुणे आल्यावर शेजारून साखर आणतात तसा. कोंडवाड्याचं तर विचारू नका. मोकाट ढोरं धरून कोंडायची आणि मालकाने दंड भरून सोडवायची, अशी ती कमाई. पण आमच्या लोकांनी त्यातही सोय शोधली. बाहेरगावी लग्नाला जायचं असलं की म्हैस आपणहून रस्त्यावर सोडून जायचे. गडी लावण्यापेक्षा दंड स्वस्त पडे, वर चारापाणी नगरपालिकेचं. एक बाई तर लग्नाहून आल्यावर, म्हैस रोडावली म्हणून कोंडवाड्याच्या शिपायाशी भांडून आली होती.

पाणीपट्टीचं दुखणं निराळं. नळ सकाळी यायचा, तोही आधी बराच वेळ नुसता खोकायचा. लोक म्हणायचे, खोकल्याचे पैसे कायले द्याचे? सबंध गावात पाणीपट्टी कोणी मागायच्या आत भरणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या नशिबी आला. भरण्याच्या खिडकीवर चिटपाखरू नसायचं, तरी हे रांगेत असल्यासारखे अदबीने उभे राहायचे.

आठवडी बाजारात बसणाऱ्यांची फी, तंबूतल्या सिनेमावरचा कर, गावच्या कचऱ्याच्या खताचा लिलाव, वरून सरकारचं अनुदान, हे सगळं तिजोरीत पडायचं. पण खरी मदार जकातीवर. हे मला फिरायला न्यायचे ते दिव्याच्या खांबाखाली. वर बोट दाखवून विचारायचे, "हा दिवा कायवर जळून राह्यला, सांग." मी म्हणायची, विजेवर. हे म्हणायचे, "गुळावर. अन् तो पल्याडचा कापडावर." तेव्हापासून गावात अंधारी गल्ली दिसली की मला वाटायचं, हिच्या वाट्याचा गूळ कोणीतरी चुकवून नेला.

आणि चुकवणारे काय थोडे होते? आमची खोली नाक्याच्या मागेच, तिच्या खिडकीतून मला सगळं दिसायचं. मेडशीकडची एक बाई एकावर एक इतकी लुगडी नेसून आली की तिला गाडीतून उतरवायला दोघं लागले. कोणी पोराच्या डोक्यावर नवं पातेलं घालून, टोपी आहे म्हणून सांगायचं. अनसिंगकडून आंब्याची टोपली घेऊन येणारे बांबूच्या बाहेर बसून आंबे खाऊनच टाकायचे, कारण पोटात गेलेल्या मालाला जकात नाही, हा कायदा सगळ्यांना पाठ होता. त्या कोयांची रोपं रस्त्याच्या कडेने चांगली वाढली होती.

बांबू उचलायचं आणि पाडायचं काम एका म्हाताऱ्या शिपायाकडे होतं. गावच्या मुसलमान मोहल्ल्यात राहायचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांना सगळ्या लबाड्या माहीत होत्या आणि सगळ्या आवडायच्या. लुगड्यांच्या त्या बाईला त्यांनी बसायला आपली खाट दिली होती.

आता माझ्या बाबांकडे येते. बाबा रिठदचे शेतकरी, ज्वारी, कापूस आणि तूर पिकवणारे, तोंडाचे फटकळ आणि हाताचे आखडते. आमच्या घरी तूप वाढायचे ते चमचा ताटावरून नुसता फिरवून. असे बाबा पहिल्या दिवाळीला मला भेटायला आले ते डबा भरून तूप घेऊन. आमच्याकडे तेव्हा रीत होती, लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. म्हणून बाबा ओसरीवर नुसते बसणार, डबा देणार, माझ्या डोक्यावर हात ठेवणार आणि जाणार, एवढाच बेत. मी सकाळपासून ओसरी सारवून ठेवली होती.

हे बांबूपाशी उभे होते. मागे बाजाराच्या गाड्यांची रांग. यांनी वाकून नमस्कार केला, आणि त्याच वाकण्यात विचारलं, "मामाजी, डब्यात काय हाये?"

"तूप हाये. लेकीसाठी आणलं."

"मंग जकात लागते."

बाबांना वाटलं जावई गंमत करतो. ते हसले. हे हसले नाहीत.

"पैसे मी माह्या खिशातून भरतो," हे म्हणाले, "पण वजन करा लागते. डबा द्या इकडे."

बाबांनी डबा छातीशी धरला. "जवाईबापू, पैशाचं काही नाही. पण तुमी मले विचारलं कसं, डब्यात काय हाये म्हणून? चोराले विचारते तसं?"

"सगळ्याईलेच विचारतो, मामाजी."

"मी सगळे हाये काय?"

मागचे गाडीवाले कान टवकारून ऐकत होते. हे त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "आज सासऱ्याले सोडलं, तं उद्या सारा तालुका माहा सासरा होते."

गाडीवाले खो खो हसले. बाबांना ते हसणं लागलं. ते वळले, बांबूच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले आणि त्या गाडीवाल्यांनाच हाक मारली, "या रे, भाकरी घेऊन या." जन्मात ज्यांनी तुपाचा चमचा उपडा केला नव्हता, त्या माझ्या बाबांनी डबा उघडून परक्या माणसांच्या भाकरीवर तुपाची धार धरली. लोकांच्या कोपरापर्यंत तूप ओघळायला लागलं. चाचासुद्धा बांबू तसाच टाकून जेवायला बसले. तुपाचा वास नाक्यात भरला आणि यांना हिशेब सुचेना.

मला यांचा असा संताप आला की मी तरातरा बाहेर गेले, बांबूखालून वाकून पलीकडे झाले आणि बाबांशेजारी बसून सगळ्यांच्या देखत ती तूपभाकरी खाल्ली. भूक नव्हती. यांच्याकडे बघत बघत खाल्ली.

डबा रिकामा झाल्यावर बाबा उठले. म्हणाले, "बाई, तुले लेकरू झालं तरी आता तुह्या घरचं पाणी मी पेत नाही. या बांबूच्या आत माहा पाय पडणार नाही." आणि रिठदची वाट धरली.

मी तुपकट हातांनी परत आले. यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाताले लागलं तेवढं माफ हाये."

त्या दिवशी मी यांच्याशी बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोलले ते न बोलणं बरं असं बोलले. बाकी काही मागणं नव्हतं माझं. बाबांनी एकदा माझ्या घरात येऊन माझ्या हातचं पाणी प्यावं, एवढंच. ज्या घरात बापाने पाणी घेतलं नाही ते घर मला सासरच वाटत राहणार, माझं नाही. हे मी यांना रडून सांगितलं. हे म्हणाले, "मले का बरं वाटून राह्यलं? पण बांबू सगळ्याईले एकच हाये." माणूस खोटा असता तर मला बरं वाटलं असतं, त्याला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

बाबा हट्टाला पक्के, पण लेकीवाचून राहवेना. त्यामुळे एक अजब प्रकार सुरू झाला. अधूनमधून ते यायचे आणि लिंबाखाली बसायचे. गावच्या बाजारात यायचं त्यांनी सोडलंच होतं, माल दुसऱ्या बाजाराला न्यायचे. चाचा खिडकीशी येऊन म्हणायचे, "भाभी, तुमच्या माहेरचा माल आला." मी सतरंजी घेऊन बाहेर जायची. बाबा पाणीसुद्धा रिठदच्या विहिरीचं घेऊन यायचे. हंगामाप्रमाणे हुरडा, बोरं, सीताफळं, लाह्या, जे आणलं ते मी तिथेच बसून संपवायचं, कारण एक दाणा जरी आत नेला तर विचारणा. मी खाऊन खाऊन सुटले. हे म्हणायचे, "नगरपालिकेचं उत्पन्न तुह्या पोटात जाऊन राह्यलं."

जावई आणि सासरा एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण एकमेकांना बोलल्याशिवाय राहायचेही नाहीत. मधे चाचा. हे बांबूच्या आत उभे राहून म्हणायचे, "चाचा, त्याईले विचारा, तूर कशी हाये." बाबा हातभर अंतरावरून ऐकायचे आणि चाचांना म्हणायचे, "सांगा, तूर बरी हाये. त्याईची जकात कशी हाये?" चाचा इकडे तोंड करून तेच सांगायचे, तिकडे तोंड करून तेच सांगायचे. एकदा यांनी बाबांना दिव्याचं ते गूळ-कापडाचं शास्त्र चाचांमार्फत ऐकवलं. बाबा म्हणाले, "सांगा त्याईले, आमच्या रिठदले दिवा नाही अन् जकातही नाही. पण अंधारातही सासरा कोण अन् चोर कोण, ते आमाले दिसते." चाचांनी हे मात्र पोचवलं नाही. म्हणाले, "साहेब, वो बोल रहे, दिवा अच्छा है."

मग मला दिवस गेले. माझं पोट दिसायला लागल्यावर चाचा बांबू पार वर उचलायचे आणि म्हणायचे, "भाभी, एवढा माल घेऊन रोज आत-बाहर, पावती कुठी हाये?" बाळंतपणाला मी रिठदला गेले. मला न्यायला बाबांची गाडी आली ती लिंबाखालीच थांबली.

मुलगी झाली. बाबांनी गावच्या सुताराकडून पाळणा करून घेतला. लाल, हिरवा, पिवळा, चारी खांबांवर राघू, आणि रंग असा चकचकीत की त्यात तोंड दिसावं. बाळंतिणीला आणि बाळाला पाळण्यासकट सासरी पोचवायचं आणि तिथल्या आढ्याला पाळणा आजोबाने स्वतःच्या हाताने टांगायचा, ही आमच्या घरची रीत.

बाबा म्हणाले, "मी बांबूपाशी देऊन येतो."

माझी माय एरवी बाबांपुढे बोलायची नाही. त्या दिवशी सरळ म्हणाली, "पाळणा घरात टांगते. नाक्याच्या बांबूले नाही टांगत कोणी."

बाबांनी गाडी जुंपली. मला वाटलं, विरघळले. पण गाडी गावाजवळ आली तशी त्यांची चुळबूळ सुरू झाली. गाडीत बाबा, माय, मी आणि बाळ. गाडी बाबाच हाकत होते. नाक्याबाहेरचे ते काळे दगड दिसले आणि त्यांनी बैल थांबवले.

"नवा पाळणा हाये," बाबा म्हणाले. "थो जकात मांगीन. त्याच्या हातची पावती मी घेणार नाही."

माय म्हणाली, "मंग काय करता? पाळण्यात पिठलं शिजवता?"

बाबांनी तेवढंच ऐकलं नसतं तर बरं होतं. ते उतरले, कोणाच्या तरी थंड चुलीतली राख ओंजळीने आणली आणि पाळण्याला चोळू लागले. राघू गेले, लाल गेलं, हिरवं गेलं. तो देखणा पाळणा राख फासलेल्या गोसाव्यासारखा दिसायला लागला. बाबांच्या मिशाही पांढऱ्या झाल्या. बाळ शिंकलं. माय कपाळाला हात लावून बसली, आणि मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, कारण माझ्या सगळ्या आशा त्या राखेवर येऊन टेकल्या होत्या.

नाक्यावर हे आमची वाटच बघत होते. नवी टोपी घातली होती, दाढी केली होती. मुलीला त्यांनी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. बारशाला यायचं तर बाबांचा निरोप नाही म्हणून हे अडले होते, आणि निरोप चाचांमार्फत पाठवायचा तर रिठदपर्यंत चाचा कुठून आणायचे? गाडी बांबूपाशी थांबली. बांबू खालीच होता. यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या दुपट्याकडे, आणि मग, देवाने त्यांना तसंच घडवलेलं, पाळण्याकडे.

"चाचा, त्याईले विचारा, पाळणा नवा का जुना?"

"सांगा, जुना हाये," बाबा म्हणाले. "वापरून वापरून रंग गेला."

यांनी पाळण्यावरून एक बोट फिरवलं. बोटाखाली लाल रंगाची रेघ उमटली. रेघेत राघूचा एक डोळा.

"राख नवी हाये," हे म्हणाले.

बाबा रागाने तांबडे झाले. राखेतून ते चांगलं दिसत होतं. त्यांनी पाळणा गाडीतून खाली घेतला आणि लिंबाच्या फांदीला टांगला. म्हणाले, नात इथेच वाढेल, शाळेतही इथूनच जाईल. एवढ्या गलक्यात बाळाने टाहो फोडला. गाडीत बसून थोपटून ते काही राहीना. मायने लुगड्याची घडी पाळण्यात घातली आणि बाळाला त्यात ठेवलं. बाबा दोरी धरून झोके द्यायला लागले, बाळ निवलं. झोका थांबला की बाळ पेटायचं, म्हणून झोका थांबवायची सोय नाही. लिंबाखाली बाबा झोके देताहेत, बांबूच्या आत हे पावतीपुस्तक घेऊन उभे, आणि मी मधे. दोघांचाही असा राग आला की वाटलं, दोघांनाही कोंडवाड्यात घालावं आणि लग्नाला निघून जावं.

तेवढ्यात पाळण्याखाली टपटप सुरू झाली.

आधी थेंब, मग धार. राख वाहून गेली आणि पाळण्याच्या बुडाचा हिरवा रंग उघडा पडला. चाचा वाकले, खाली हात धरून खात्री केली आणि ओरडून म्हणाले, "साहेब, माल वापरात आला."

यांनी पावतीपुस्तक खिशात घातलं. बांबूखालून वाकून ते बाहेर आले. नाक्याच्या बाहेर, लिंबाखाली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पाळण्यापाशी उभे राहून त्यांनी नीट वाकून पाहिलं, पण पाळण्याचं बूड नव्हे, आतली पोरगी. कितीतरी वेळ पाहिलं.

"वापरलेला हाये," हे म्हणाले. "जकात नाही." मग चाचांकडे न बघता, सरळ बाबांकडे बघून म्हणाले, "मामाजी, झोका थांबला तं लेकरू उठते. असाच नेऊ."

"कसा नेता?" बाबांच्या तोंडून निघून गेलं. तेही सरळ यांनाच.

हे गेले आणि नाक्याचा बांबू काढून घेऊन आले. आजपर्यंत तो कोणासाठी जागचा निघाला नव्हता. पाळण्याच्या दोऱ्या त्याला अडकवल्या. पुढचं टोक यांच्या खांद्यावर, मागचं बाबांच्या. मधे लेक झुलते आहे, पाळण्यातून अजून थेंब पडताहेत, आणि बाबा तिच्याकडे बघत तोंडाने हूं हूं करत चालले आहेत. नाक्याची रेघ कधी ओलांडली ते त्यांना कळलंच नाही. मला कळलं, यांना कळलं, मायला कळलं. बांबूच नाही म्हणून मागून चाचा दोन्ही हात पसरून रस्त्यात आडवे उभे राहिले होते आणि गाडीवाल्यांना सांगत होते, "रुको, आज मी बांबू हाये."

आमच्या खोलीच्या दाराशी वेगळाच घोळ झाला. नाक्याचा बांबू लांबच लांब. पुढचं टोक घेऊन हे आत शिरले, समोरची भिंत आली तरी पाळणा उंबऱ्याच्या बाहेरच. शेवटी पुढचं टोक मागच्या खिडकीतून बाहेर काढलं. पाळणा घराच्या मधोमध आला, आणि बांबूच्या मागच्या टोकाला खांद्यावर घेतलेले बाबा, सरकत सरकत, उंबरा ओलांडून माझ्या घरात आले.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मागे उंबऱ्याकडे पाहिलं, खाली माझ्या सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं. खांद्यावर बांबू, बांबूला नात. टाकून जाता येईना. यांनी स्टूल आणलं, आढ्याला दोऱ्या बांधल्या, आणि शेवटची गाठ बाबांना मारायला दिली. गाठ मारून झाली तरी बाबा पाळण्यापाशीच उभे राहिले. खांद्यावरून बांबू उतरला होता, मिशीला राख तशीच होती.

मी तांब्या भरून आणला. थोडं पाणी सांडलं. पुढे केला, पण घ्या म्हणायचं धाडस होईना. बाबांनी तांब्याकडे पाहिलं. मग यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जवाईबापू, या पाण्याची काही पट्टी लागते काय?"

हे म्हणाले, "भरलेली हाये, मामाजी."

बाबा घटाघटा पाणी प्याले. रिकामा तांब्या माझ्या हातात दिला, आणि मी आत जायला वळणार तोच म्हणाले, "बाई, आणखी आण."